टाकीतलं पाणी कुणी तापवलं?

१

मेलेल्या प्रवाळांना वास येतो. नासलेल्या कोळंबीसारखा, पण जरा गोडसर. बुधवारी सकाळी शारजापलीकडच्या खोर फक्कान या बंदरगावातल्या त्या छोट्या संशोधन केंद्रात हुमेरा काझीने टाकीचं झाकण उचललं, तेव्हा आधी तो वास आला आणि मग वाफ. पाण्यात हात घातला तर अंघोळीला काढावं इतकं कढत. आदल्या दिवशी हिरवट-तपकिरी असलेली प्रवाळं पांढरीफटक पडली होती आणि त्यांच्यावरून बुळबुळीत साल सुटत होती. तीन वर्षांचं काम होतं ते. हुमेरा तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही, असं मला नंतर कळलं.

मला बोलावलं त्याचं कारण साधं आहे. या मुलखात गार राहायला हवं ते गरम झालं की लोक मला फोन करतात. मी सुचित्रा देवस्थळी, मूळची मुलुंडची, मालाच्या नुकसानीची पाहणी करणारी सर्व्हेयर. बंदरात थंड कंटेनर उघडतात आणि आतून नाशिकच्या द्राक्षांचा लगदा निघतो, तेव्हा नाकाला रुमाल लावून उभी असते ती मी. चूक जहाजाची, ट्रकवाल्याची की पाठवणाऱ्याची, तेवढं सांगायचं आणि घरी जायचं. अर्धं आयुष्य नासका माल हुंगण्यात गेलं. आता वीट आलाय. गुडघे कुरकुरतात, नवरा म्हणतो पुरे झालं, आणि मलाही तसंच वाटतं, पण फोन वाजला की मी उचलते.

या वेळी फोन नॉर्वेहून होता. केंद्र तिथल्या हाल्मसुंड विद्यापीठाचं. बोलत होत्या खुद्द रेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरू. मी 'मॅडम' म्हणाले तर त्यांनी लगेच अडवलं. "सिग्रिड म्हणा. आणि आम्हाला बाहेरचं माणूस हवंय. हुमेरा आमची विद्यार्थिनी नाही, कर्मचारी आहे. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्याला पगार असतो, हक्क असतात. म्हणून नुसत्या संशयावर आम्ही तिला काही करू शकत नाही. पण चूक तिचीच ठरली, तर तिला ठेवताही येणार नाही. पुढच्या गुरुवारी समिती बसतेय."

मी सांगून टाकलं की मुलीचे वडील रिझवानभाई बंदरात कामाला आहेत आणि मी त्यांच्या घरी जेवलेली आहे. सिग्रिड म्हणाली, "सांगितलंत ना? मग झालं. कामाला लागा."

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा आला. अजमानहून हुमेराची आई, रुकय्या.

"सुचित्राताई, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनपायी पोरीचं वाटोळं झालं हो. त्या दिवशी माझ्यासाठीच ती लवकर निघाली. आता सगळे बोलतात, घाईत मशीन चालू करायला विसरली. रिझवान यंदा रिटायर होतायत, त्यांचा व्हिसा खलास. आम्ही दोघं पोरीच्या व्हिसावर राहणार होतो. ती नोकरी गेली तर?"

"बघते," मी म्हणाले. असं मी सगळ्यांनाच म्हणते.

२

केंद्र म्हणजे समुद्राकाठचा एकमजली बंगला. मधून पॅसेज. पॅसेजच्या एका बाजूला टाकीची खोली आणि तिला लागून कामाची खोली, दुसऱ्या बाजूला मीटिंग रूम, टोकाला नळ. फाटकासमोर रस्ता, मागे लाकडी धक्का. माणसं चारच. केंद्राचे प्रमुख डॉक्टर अरुण खांबेटे, त्यांच्या हाताखाली वेदांग आणि हुमेरा, आणि यंत्रं सांभाळणारा फहद. डॉक्टर खांबेटे मंगळवारी संध्याकाळच्या विमानाने नॉर्वेला गेले होते, त्यामुळे आधी बाकीचे तिघे.

हुमेराने मला टाकी दाखवली. वर तापवणारे दिवे, खाली पाणी गार करणारा चिलर. दिव्यांनी तापवायचं, चिलरने आवरायचं आणि प्रवाळ किती उष्णता सोसतं ते बघायचं, असा प्रयोग. दर मंगळवारी टाकी धुताना चिलर बंद करायचा. तो बंद केला की अलार्म बोंबलतो, म्हणून शेजारचं बटण दाबून अलार्मही बंद करायचा. धुऊन झालं की दोन्ही चालू.

"आणि बुधवारी दोन्ही बंद सापडले," मी म्हणाले.

"आंटी, आय स्विच्ड इट ऑन. आय नो आय डिड." तिचे डोळे सुजले होते. "बारा वाजता मी निघाले तेव्हा चिलरचा कॉम्प्रेसर चालू होता. पण सगळे इतक्यांदा विचारतायत ना, की आता मलाच डाउट यायला लागलाय."

मला तिचा कळवळा आला. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यांना स्वतःबद्दल असा डाउट येत नाही.

वेदांग पुण्याचा. हुशार, किरकिरा, आणि हुमेराशी त्याचं फारसं पटत नाही हे त्याने स्वतःच सांगितलं. "ती सरांची लाडकी आहे, मॅडम. पण खरं ते सांगतो. तिची गाडी गेली ती मी विंडोतून बघितली. मग लगेच माझ्या बायकोचा, आभाचा कॉल आला. त्या कॉम्प्रेसरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी फोन घेऊन मागे जेट्टीवर गेलो. मग मूडच गेला, तिथूनच घरी गेलो."

"म्हणजे ती गेल्यावरही चिलर चालू होता?"

"ऑफकोर्स. मी सरांना फोनवर सांगितलं पण तसं. ते म्हणाले, तू दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं सांगत असशील."

मी त्याचा मोबाइल मागितला. आभाचा कॉल मंगळवारचाच होता, बारा वाजून गेल्या गेल्या आलेला. भांडण रंगलेलं असावं, चांगला लांबलचक होता.

फहद श्रीवर्धनचा. त्याने मला चहा दिला आणि आधी चिलरचंच दुःख सांगितलं. "अठरा हजार दिरहमचा चिलर आहे मॅडम, आपले चार लाख धरा. नया माल. बिघडला नाय, जळला नाय. कोणीतरी बंद केला, बस." मंगळवारी दुपारी हुमेराची गाडी गेल्यापासून तो फाटकात पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलत उभा होता. तिथून त्याला धक्काही दिसत होता. "वेदांगसर तिकडे फोनवर हात नाचवत होते. टँकरवाला माझ्यासमोर. आत कोण गेला नाय, बाहेर कोण आला नाय. अजान झाली तसा मी आतल्या नळावर वजूला, हातपाय धुवायला गेलो. काय साफ ऐकायला आली त्या दिवशी अजान, सुभानल्ला! एरवी पॅसेजमध्ये कान लावला तरी समजत नाय."

मी कप खाली ठेवला. "एरवी का नाही समजत?"

"कॉम्प्रेसरचा आवाज असतो ना, मॅडम."

तो बोलून गेला आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मंगळवारी साफसफाईला चिलर बंद असतोच, म्हणून शांततेचं त्याला काही वाटलं नव्हतं. त्या दिवसांत दुपारची अजान सव्वाबाराच्या सुमाराला होते. हुमेरा गेली तेव्हा चिलर चालू होता आणि अजानला बंद होता. वेदांग धक्क्यावर, फहद फाटकात, दोघं एकमेकांच्या नजरेत.

आत एकच माणूस उरत होता, डॉक्टर खांबेटे. आणि त्यांच्याकडे त्या वेळी स्क्रीनवरून नॉर्वेतला एक आख्खा वर्ग बघत बसला होता.

३

डॉक्टर अरुण खांबेटे स्क्रीनवर आले ते हसतमुखाने. मागे खिडकीत बर्फ होता. माणूस गोड बोलणारा, आणि मला तर पहिल्या दोन मिनिटांत तो आवडलाच.

"आमच्याकडे सध्या रणधुमाळी आहे, सुचित्राबाई. सिग्रिडची टर्म संपतेय. नवा रेक्टर निवडायचाय, आणि मी उपरेक्टरसाठी उभा आहे. हसू नका! इथे रेक्टर वरून नेमत नाहीत. प्रोफेसर, ऑफिसातली माणसं, विद्यार्थी, सगळे मतं देतात. विद्यापीठाच्या बोर्डावरसुद्धा दोन विद्यार्थी बसतात आणि भल्याभल्यांना आडवं घेतात. मी पुण्यात शिकलो तेव्हा हेडक्लार्कसमोर उभं राहायला पाय कापायचे माझे."

विषय निघाला तसा ते रंगात आले. हाल्मसुंड म्हणे मुळात मास्तर घडवणारी शाळा. मग गावातली खलाशांची शाळा आणि इंजिनिअरिंगचं कॉलेज, अशी तीन बिऱ्हाडं सरकारने एका छपराखाली आणली. पुढे पुष्कळ भांडून विद्यापीठाचा दर्जा मिळाला. "त्या जुन्या शाळेची घंटा अजून आहे. पूर्वी कुणाकडे घड्याळं नसायची. तासाची घंटा झाली की पोरं गावातून निघायची, बर्फ तुडवत वर्गात यायची. मला फार आवडतं हे. गरीब लोकांनी उभारलेली संस्था आहे हो."

मीही नुसती ऐकत राहिले. पदाचा तोरा मिरवणारी माणसं मी रोज बघते, संस्थेवर असा जीव लावणारा माणूस क्वचित भेटतो. मग माझा प्रश्न विचारला. मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता?

"मंगळवारी माझं बाराचं लेक्चर असतं, हाल्मसुंडच्या मुलांना. तिथले दहा. आपल्या मीटिंग रूममधून, स्क्रीनवर. ते संपवलं आणि बॅग उचलून एअरपोर्ट गाठला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हुमेराला फार ताणू नका. गुणी पोरगी आहे. आईच्या काळजीत होती. होते चूक माणसाकडून. मी समितीला तसंच लिहिणार आहे."

असा साहेब सगळ्यांना मिळो, असं मला वाटलं.

तरी मी माझं काम केलं. बोर्डावरच्या दोन विद्यार्थ्यांपैकी मारित नावाची मुलगी नेमकी त्याच वर्गात होती. तिला फोन लावला. गेल्या मंगळवारी अरुण वेळेवर आले होते का?

"अगदी वेळेवर," मारित म्हणाली. "नेहमीसारखेच. अरुण कधीच उशीर करत नाहीत."

"मध्ये कुठे उठून गेले?"

"नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो ना."

मग मला युरोपातल्या घड्याळांची आठवण झाली. मार्चअखेर ते लोक घड्याळं पुढे करतात. तिथे काही घोळ असेल म्हणून मी तेही तपासलं. दोन तासांचा फरक, बरोबर तिथले दहा म्हणजे इथले बारा. घोळ नव्हता.

म्हणजे चिलर बंद करू शकेल असं कुणी नव्हतंच. आणि कुणीच नव्हतं म्हटल्यावर समिती काय म्हणणार? वेदांगचा दिवस चुकला, फहदचे कान चुकले आणि हुमेरा विसरली. तीन माणसांची चूक धरणं सोपं असतं, लेक्चर देणाऱ्या प्रोफेसरला भिंतीपलीकडे पाठवणं अवघड.

४

शुक्रवारी अजमानला गेले. रुकय्या काळा चष्मा लावून कोचावर बसली होती आणि तिथूनच स्वयंपाकघरात हुकूम सोडत होती. रिझवानभाईंनी सुरमई तळली. तो माणूस एरवी बडबड्या, त्या दिवशी नुसता वाढत राहिला. जेवण झाल्यावर मला एकटीला गाठून म्हणाले, "ताई, पोरीचं चुकलं असेल तर चुकलं म्हणा. आम्ही गावी जाऊ, राहू कसंही. पण चुकलं नसेल तर तिला कळू दे. ती झोपेत पण बटणं दाबते."

मी हुमेराला गच्चीत नेलं. समोरच्या इमारतींच्या एसींची घरघर चालू होती.

"मला एक सांग. ती प्रवाळं जगली असती तर काय झालं असतं?"

तिला प्रश्न कळला नाही. "म्हणजे? माझा थिसिस झाला असता."

"थिसिसमध्ये काय लिहिलं असतंस?"

ती घुटमळली. "आंटी, सरांचं एक मोठं काम आहे. ते म्हणतात की इकडचे कोरल्स गरम पाण्याला सरावलेत, जगातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त सोसतात. त्यावरच तर हे केंद्र मिळालं. सर फेमस आहेत त्याच्यासाठी. मी तेच परत करत होते, जास्त काळजी घेऊन. आणि माझे कोरल्स सोसत नव्हते. आधीच आजारी पडत होते. मला वाटलं माझंच चुकतंय. मी तीनदा केलं."

"सरांना सांगितलंस?"

"हो. ही वॉज सो नाइस अबाउट इट. म्हणाले, शाब्बास, पण घाई नको. कुणाला दाखवू नकोस. इलेक्शननंतर आपण दोघं बसून बघू. अजून दोन आठवडे चालू ठेवलं असतं तर पक्कं झालं असतं."

तिच्या मनात काहीच आलं नव्हतं. तिने सगळं सरळ सांगितलं आणि खाली जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

मी कठड्याला टेकून उभी राहिले. हेतू मिळाला होता, माणूस मिळाला होता, आणि तोच माणूस चांगला वाटला होता म्हणून मला आतून कडू कडू झालं. उपयोग मात्र शून्य. चिलर बंद झाला तेव्हा तो भिंतीपलीकडे शिकवत होता.

५

मंगळवारी पुन्हा तोच तास होता. खांबेटे प्रचारात अडकल्यामुळे त्यांच्या जागी ओलाव नावाचा दुसरा प्रोफेसर तिथे, हाल्मसुंडच्याच हॉलमध्ये शिकवणार होता. मी सिग्रिडला विचारून इकडची स्क्रीन लावून घेतली. तास संपला की पोरांना एकेक करून विचारायचं, मागल्या वेळी खांबेटे कधी पाणी प्यायला, कशाला उठले होते का. याहून शहाणपणाचं काही सुचत नव्हतं.

शारजाहून गाडी हाकत, डोंगरातले बोगदे ओलांडत मी धापा टाकत बाराच्या आत मीटिंग रूममध्ये शिरले. म्हटलं, गोऱ्यांचं काम, आपली शोभा नको. फहदने स्क्रीन लावून दिली.

हॉल रिकामा होता.

नुसती बाकं. घड्याळात बारा वाजले, तरी रिकामा. मला वाटलं, तास रद्द झाला आणि मला कुणी सांगितलं नाही. दोन टाळकी आली, कोट काढून बसली, डबे उघडून पाव खायला लागली. घाई कुणालाच नव्हती. मग आणखी चार. मग घोळका. मारित आली, तिने मला स्क्रीनवर ओळखलं आणि हात केला. शेवटी कॉफीचा पेला घेऊन ओलाव आला. त्याने 'गुड मॉर्निंग' म्हणायला आणि बाहेर अजान सुरू व्हायला एकच गाठ पडली.

मी जागची हलले नाही. पॅसेजमधून अजान स्वच्छ ऐकू येत होती, कारण टाकी रिकामी होती आणि चिलर बंद होता.

तास संपल्यावर मी मारितला विचारलं, "आज एवढा उशीर का झाला?"

"उशीर? नाही तर. आज वेळेवर सुरू झालं."

"दहाचा तास ना तुमचा?"

"हो, दहाचा. म्हणजे सव्वादहाला." ती हसली. "तुम्हाला माहीत नाही? आमच्या विद्यापीठात तास नेहमी पाऊण तासाचाच असतो. दहा म्हटलं की सव्वादहा. जुनी रीत आहे, घंटा ऐकून चालत यायला वेळ मिळावा म्हणून. आता कुणी चालत येत नाही, पण ती पंधरा मिनिटं आम्ही सोडलेली नाहीत."

म्हणजे मारित खरं बोलली होती. वर्गातलं कुणीही खरंच बोललं असतं. वेदांग आणि हुमेरा त्या वर्गात कधी बसलेच नव्हते, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि आम्ही सगळे देशी लोक, गोरा माणूस म्हणजे ठोक्याला हजर, हे इतकं गृहीत धरून बसलेलो की विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. आपल्याकडचं विद्यापीठ असतं तर पहिला प्रश्न तोच विचारला असता, की बाराचं लेक्चर सुरू कधी झालं?

हुमेराची गाडी गेल्यापासून अजान होईपर्यंत खांबेट्यांकडे कुणीही बघत नव्हतं.

६

बुधवारी खांबेटे परत आले. सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली होती. मी टाकीच्या खोलीत थांबले होते. वास अजून पुरता गेला नव्हता.

"त्या मंगळवारी लेक्चर कधी सुरू केलंत, डॉक्टर?"

"वेळेवर."

"सव्वाबाराला."

मी माझं सगळं एकदा सांगून टाकलं. बारा वाजता हुमेरा गेली. तिच्यानंतर वेदांगला चिलरचा आवाज छळत होता, म्हणून तो धक्क्यावर गेला. फाटकातून फहदला तो दिसत होता आणि फहदसमोर टँकरवाला होता. अजान झाली तेव्हा आवाज बंद होता. आत तुम्ही होता, आणि तुमचा वर्ग अजून पाव खात होता.

"मी खोटं बोललो नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही बोललात. बाराचं लेक्चर म्हणालात, आम्ही बाराच समजलो. तुम्हाला माहीत होतं की आम्ही तसंच समजणार."

ते उलट्या क्रेटवर बसले. एकदम वय दिसलं.

"मारायची नव्हती हो मला. थोडी तापवायची होती. एकदा पांढरी पडली की प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो. वाटलं, रात्री कुणीतरी अलार्म परत चालू करेल, तो वाजेल, कुणी येईल. कुणी आलंच नाही. विमानात बसल्यावर मला फोन करता आला असता. केला नाही." त्यांनी चष्मा काढला. "त्या लोकांना माझं नाव अजून नीट घेता येत नाही, सुचित्राबाई. तरी ते मला निवडून देणार होते. माझंच संशोधन खोटं ठरलं असं ऐन मतदानात बाहेर आलं असतं तर... मी नंतर स्वतः सांगणार होतो. खरंच सांगणार होतो."

"आणि हुमेरा?"

"तिला ताकीद मिळेल असं वाटलं होतं."

"तिला काढणार आहेत. उद्या. तुम्ही मात्र तिच्यासाठी दयेचा अर्ज लिहिणार होता."

मला भयंकर राग आला होता. पुष्कळ दिवसांनी असा राग आला. द्राक्षं नासवणाऱ्यांनी माझ्याकडे कधी दुसऱ्यासाठी दया मागितली नव्हती. मी म्हणाले, "फोन लावा सिग्रिडला. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर मी लावते."

त्यांनी लावला. सगळं कबूल केलं. मग सिग्रिडने एकच सांगितलं, की उमेदवारी आजच मागे घे आणि कारण लिहून दे. आमच्याकडे विचारेल त्याला ते दाखवावं लागतं, म्हणून नीट लिही.

७

समिती बसली आणि उठली. हुमेराची नोकरी राहिली, वाया गेलेल्या काळाइतकी मुदत वाढवून मिळाली. प्रवाळं नवीन आणावी लागणार होती. सिग्रिडने मला विचारलं की तिला तुम्ही सांगाल का, तुमच्या भाषेत. नको असलेली कामं अशीच माझ्याकडे येतात.

धक्क्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, असं का केलं, तिने काहीच विचारलं नाही. आधी रिझवानभाईंना फोन केला. "बाबा, माझं चुकलं नव्हतं," एवढंच म्हणाली, आणि पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला. मला वाटलं, झालं, आता घरी जावं.

"आंटी," ती म्हणाली, "पीएचडीवाले स्टाफ असतात ना तिथे, म्हणून मला पण व्होट होतं. त्याच मंगळवारी सकाळी ओपन झालं होतं. टाकी धुण्याआधी सरांनीच मला लॅपटॉपवर दाखवलं, कसं करायचं."

"अच्छा."

"माझा जन्म इथला. बाबांनी इतकी वर्षं इथे काढली, व्होट कधीच नाही. गावी माझं कुठे नावच नाही. ते माझं लाइफमधलं फर्स्ट व्होट होतं. सर म्हणाले, हे सीक्रेट असतं, मी बघणार नाही. आणि खरंच नाही बघितलं. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, मी 'झालं' म्हणेपर्यंत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती पाण्याकडे बघत होती.

"मी त्यांनाच दिलं होतं, आंटी."